हळदीकुंकवाच्या पाच गाड्या

महाल, नागपूर
२२ जानेवारी

ती. भैयाजींस,

मधुसूदनाचा साष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग घालायचा नसतो, हे ठाऊक आहे. पण प्रसंगच तसा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? यमू अमरावतीला सुखरूप पोचल्याचे वेदिकाकडून कळले. मला तिने फोन केलेला नाही.

तिने तुम्हाला काय सांगितले असेल याचा अंदाज आहे, आणि ते बहुतेक खरेच आहे. तरी माझीही बाजू ऐका.

निवृत्तीनंतर मी छोट्या रेल्वेचा नाद धरला, हे तुम्ही जाणताच. यंदा ती डिजिटल केली. पूर्वी रुळांत करंट सोडला की सगळीच इंजिने पळायची. आता करंट कायम असतो, पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप आणि तिला एक नंबर. हातातल्या यंत्रावर नंबर दाबून हुकूम द्यायचा, म्हणजे तेवढेच इंजिन हलते. (तुमच्याकडे वहिनी एकाला हाक मारतात आणि चौघे धावतात, तसे नाही.) दुकानातून मात्र पाचही इंजिने तीन नंबर घेऊनच आली. नंबर बदलायचा तर एकेक इंजिन रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर घ्या, असे पुस्तकात लिहिले होते. भैयाजी, मी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षे कंट्रोल रूममध्ये काढली. मी पुस्तक वाचू? पाचही इंजिने मुख्य रुळावर उभी ठेवूनच मी एक ते पाच नंबर वाटले. प्रत्यक्षात प्रत्येक नंबर पाचही इंजिनांनी घेतला आणि शेवटी सगळीच पाच नंबर होऊन बसली. वेदिका म्हणाली, बाबा, एकदा चालवून तर बघा. मी म्हटले, आम्ही अख्खे युनिट असे न बघता सुरू करायचो. (बघत होतो.)

त्यात यमूचे संक्रांतीचे हळदीकुंकू आले. महिला मंडळाचे अध्यक्षपद त्याच दिवशी कुसुमताईंकडून यमूकडे यायचे होते. मीच सुचवले की हॉलभर रूळ मांडू आणि गाड्याच सगळ्या बायांपर्यंत जातील : एकीत हळद, दुसरीत कुंकू, मग तिळगूळ, गुलाबपाणी आणि शेवटी वाण. यमू आधी नाही म्हणाली, पण मग पहिल्या इंजिनाला तिनेच गजरा बांधला. हे ती तुम्हाला सांगणार नाही.

सगळ्या बसल्या. मी एक दाबला, काही हलेना. दोन, तीन, चार, तेच. वळणापाशी बसलेल्या कुसुमताई म्हणाल्या, "लेट आहे वाटते तुमची गाडी." मी पाच दाबला आणि वेग शेवटपर्यंत फिरवला.

पाचही निघाल्या. तीन इकडून, दोन तिकडून, आणि वळणावर त्यांची भेट झाली. कुसुमताईंच्या काळ्या चंद्रकळेवर हळद किती खुलून दिसते ते मी तेव्हा पाहिले. त्यांचा पदर चाकात गेला. त्या शांतपणे म्हणाल्या, "यमुताई, मले काहून ओढून राहिली वं हे गाडी?" मी थांबवायचे बटण दाबले. ते शिट्टीचे होते. पाच शिट्ट्या एकदम वाजल्या, तशा कुसुमताई उठून दाराकडे निघाल्या, आणि त्यांच्यामागे इंजिन, डबे, तिळगूळ. शेवटी वेदिकाने मेन स्विच पाडला.

अध्यक्षपद कुसुमताईंनी आणखी वर्षभर स्वतःकडेच ठेवले. यमूने पिशवी भरली, आणि दारात एवढेच म्हणाली, "तुमच्या पाच जणी सांभाळा."

मी मनापासून खजील आहे. सहा दिवस गाडीला हात लावलेला नाही. कुसुमताईंकडे जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला, साखर दिली नाही. यमूची तुम्ही समजूत घाला, तुमचे ती ऐकते.

तुमचा अपराधी,
मधुसूदन

ता. क. : यमूच्या पिशवीत एक काळे अडॅप्टर आले असेल. मोबाइलचे समजून तिने नेले असावे. फोनला लावू देऊ नका. ते रेल्वेचे आहे, आणि गाडी सहा दिवस बंद आहे ती त्यामुळेच. आजच कुरिअर केले तर बरे होईल. यमूची घाई नाही, तिला आरामात राहू द्या.

ता. क. २ : अडॅप्टर दिवाणाखाली सापडले, शोधू नका. पुस्तक वाचून नंबर नव्याने दिले. सकाळपासून पाचही गाड्या बिनचूक फिरून राहिल्या आहेत, एकही धडकली नाही. वेदिका ऑफिसात गेली आहे. पाहायला घरात कोणी नाही. यमूला पहिल्या गाडीत बसवून द्या, मी स्टेशनवर येतो.