चंदनाची सकाळची गोळी

२७ जून २०२४

सांगलीहून आत्ताच आलो. आमच्या दहा वर्षांच्या चंदनाला फिट येतच नव्हती! शाळेत पळता पळता पडायची – आम्ही चप्पल हुंगवायचो, तीन वर्षं फिटच्या गोळ्या चारल्या. आज डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, फिट नव्हे, हृदयाचा दोष आहे.

मग समजावलं. हृदयाच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात, आयन चॅनेल. त्यातून पोटॅशियम बाहेर पडलं की ठोका पुरा होतो. हिची दारं जन्मापासून बिघडलेली. कानातही तीच दारं – म्हणून बहिरी. म्हणजे इतकी वर्षं मी दोन दुःखं म्हणून सोसली, ती एकच होती!

"नात्यातलं लग्न का?" डॉक्टरांनी विचारलं. "आतेभाऊच," मी म्हटलं. आईबाप दोघांकडून एकेक खोट आली की असं होतं म्हणे. गोळी सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही. उपाशी ठेवायचं नाही.

२८ जून

सासूबाई – माझ्या सख्ख्या आत्या – जेवल्या नाहीत. "मीच भावाकडनं मागून घेतली तुला. माजंच पाप हाय." त्यांची समजूत घालायला हवी होती. घातली नाही. रागच आला होता.

९ जुलै

गोळी दिली. दोन्ही वेळा.

१५ सप्टेंबर

आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व चाललंय. चंदनाला अनंत चतुर्दशीचा निर्जळ उपवास करायचाय. हातवारे करून भांडते – गल्लीतल्या सगळ्या पोरी करणार, मीच का नाही? नाही म्हटलं, तर ताट सरकवलं! हट्टात अगदी माझ्यावर गेलीय.

१६ सप्टेंबर

हरले. एका दिवसानं काय होतंय! निर्जळ म्हणजे उद्या गोळीही नाही. यांना सांगितलेलं नाही. आत्यांना तेवढं सांगितलं.

२९ सप्टेंबर

आज लिहितेच.

सतरा तारखेला दुपारी मंदिरात उपवास केलेल्या मुलींचा सत्कार होता. चंदनाला हार घातला. पहिल्यांदाच लोक तिच्याकडं कीव न करता बघत होते. मला तर रडूच आलं – अभिमानानं! ती मात्र आजीकडं बघत होती. तशीच खाली कोसळली. पलूसच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बायका येतात. "उपासात गेली, लय पुण्यवान पोर! सोनं झालं तिचं." मी मान हलवते. गोळी मी बंद केली होती. मी. आई असून.

६ ऑक्टोबर

आज आत्यांपुढं बोलून टाकलं – मीच मारलं तिला. आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्हाई गं. त्या दिवशी सकाळी तू न्हायला गेलीस, तवा मी दिली गोळी. पाण्यासंगं. तिचा उपास मीच मोडला. आता सगळी त्या उपासाचंच नाव घेत्यात... त्यास्नी काय सांगू?"