नहरीवरची खोली

औरंगाबाद,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९८३

तीर्थरूप चंद्रभानमामांच्या पायांवर भाचा लिंबाजी याचं डोकं (इथूनच टेकवलं आहे, गंगाखेडला पोचलं असं धरावं).

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प राहतो, असं तुम्ही लिहिलं होतं. आईच्या मते गप्प राहणारा गुडघा जास्त वाईट. मामीचा पोळलेला हात बरा झाला असेल. साखर कारखान्याचा बॉयलर पेटायला अजून अवकाश आहे, म्हणजे सध्या तुम्हाला बसल्या जागी पगार चालू आहे. ही गोष्ट मी अण्णांच्या कानावर घातलेली नाही, याची नोंद घ्यावी. माझी तब्येत उत्तम आहे, नाक सोडून. नाकाचं पुढं येईलच.

एमेला कोणत्या गावी जायचं, याचा खल वालूरला आमच्या ओट्यावर सगळा उन्हाळा चालला होता, हे तुम्हाला माहीत आहे. अण्णांची अट एकच, खर्च कमी पाहिजे. आईची अट एकच, हवा गार पाहिजे. कारण ऊन वाढलं की माझा घोळणा फुटतो. (बीएच्या इतिहासाच्या पेपरात मी पानिपत लिहीत असताना उत्तरपत्रिकेवर रक्त पडलं होतं. त्या प्रश्नाला मार्क बरे मिळाले.) नागपूर पहिल्याच दिवशी बाद झालं, तिथल्या उन्हात माझं नाक चार दिवससुद्धा टिकलं नसतं. पुण्याची हवा गार, पण शेजारच्या सटवाजीचा पोरगा तिथं राहून आलेला. तो म्हणाला, पुण्यात हवाच तेवढी फुकट आहे. आजोबांचा जीव हैदराबादेत. तिथला मौसम किती खुशगवार, हे ते डोळे मिटून सांगत बसायचे. डोळे उघडले की आपण वालूरला आहोत हे बघून गप्प व्हायचे. शेवटी तुमचं कार्ड आलं, की औरंगाबाद मध्यम आहे, खर्चही मध्यम आणि हवाही मध्यम. तुम्ही कारखान्यात टाइमकीपर, तेव्हा तुमचा शब्द खरा धरून अण्णांनी मला मिरगाच्या आधीच एसटीत बसवलं. निघताना एवढंच सांगितलं, की विद्यापीठाच्या नावावरून तिकडं वातावरण तापलेलं आहे, कुणी नाव विचारलं तर नाव सांग, आडनाव सांगू नको. म्हणजे हवामानाचा एक भाग आपण सगळ्यांनीच हिशेबात धरला नव्हता.

इथं आल्यावर खोली शोधत हिंडलो. नव्या वस्तीतल्या खोल्या पत्र्याच्या, आत पाय ठेवला की नाक गरम व्हायचं. जुन्या गावात एका बोळात धुरपताबाई नावाच्या म्हातारीचं दगडी घर सापडलं. बाई मूळच्या पालमकडच्या. परभणी जिल्ह्यातला पोरगा म्हटल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि खोली दाखवली. मामा, बाहेर जमीन भाजत होती आणि त्या खोलीत माझ्या अंगावर शहारा आला, इतकी ती गार. कोपऱ्यात जमिनीला चौकोनी तोंड होतं, त्यावर लाकडी फळी. खालून जुन्या काळची नहर जाते, गावाला पाणी आणणारी. फळीच्या फटीतून तिचा वारा येत होता. भाडं विचारलं. बाईंनी जे सांगितलं ते एवढं कमी होतं, की मीच म्हणालो, जरा जास्त सांगा.

बाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मालक कामावर गेलेत का, असं मी सहज विचारलं. बाई म्हणाल्या, "हायेत की. खाली हायेत." घर तर एकमजली. खाली म्हणजे कुठं, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण मी मनात अण्णांना पत्र लिहायला लागलो होतो.

मग बाईंनी अट सांगितली. दुपारचं जेवण झालं की खोलीत थांबायचं. खालून हाक आली की फळी सरकवून "सोडतो, दादा" एवढं म्हणायचं. नाही म्हटलं तर हाका थांबत नाहीत आणि आख्ख्या बोळाची झोपमोड होते. "माज्या आवाजानं भागत न्हाई," बाई म्हणाल्या. "गड्याचा आवाज लागतो."

मला वाटलं, म्हातारपण आहे. पण त्याच दुपारी, मी ट्रंकेतून कपडे काढत असताना, पायाखालून गड्याचा स्वच्छ आवाज आला. "मुंजाऽऽ, दोर सोड." हेल पार पालमचा. मामा, मी घाबरलो नाही असं लिहिणार होतो, पण तुम्हाला खोटं लिहवत नाही. फळी सरकवली, अंधारात तोंड घातलं आणि म्हणालो, "सोडतो, दादा." आवाज थांबला. नुसतं पाणी वाहत राहिलं. बाईंनी बाहेरून विचारलं, "भाकर जाड थापू का पातळ?"

हळूहळू सगळं कळलं. बाईंचे मालक भगवानराव नहर साफ करणाऱ्या एका ठेकेदाराकडं कामाला होते. त्यांचं उतरायचं तोंड म्हणजे हीच माझी खोली. वर दोर धरायला त्यांचा धाकटा भाऊ मुंजाजी. एका दुपारी मुंजाजी दोर वर ओढून घेऊन चहाला गेला, आणि परत आला तेव्हा खालून कुणी बोलेना. ठेकेदाराची माणसं दोन्ही अंगांनी शोधून आली. मढं सापडलं नाही. मढंच नाही, तर कुंकू कशाला पुसायचं, असं बाईंनी ठरवलं. आणि मग दुपारी हाक यायला लागली. मुंजाजी थोडे दिवस ओ देत राहिला. पुढं ऊसतोडीच्या टोळीत जो गेला, तो औरंगाबादेत पुन्हा शिरला नाही.

तुम्ही म्हणाल, बीए झालेला पोरगा, अन् असल्या गोष्टींवर विश्वास? मीही तेच म्हणत होतो. पाण्यावरून आवाज लांब जातो. कुठल्यातरी घरचं बोलणं इकडं येत असणार. म्हणून मी पुढच्या बोळात सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या तात्यारावांकडं गेलो. नहर त्यांच्या दुकानाखालून जाते. विचारलं, तुमच्याकडं खालून कुणी दोर मागतं का? तात्याराव पंक्चर काढता काढता म्हणाले, "दोर न्हाई बा. आमाला त्यो दुसरा ऐकू येतो. सोडतो दादा म्हनणारा." तो मीच, असं मी सांगितलं. त्यांनी मान वर करून मला नीट पाहिलं. "तुमी तर आत्ता आलाव. आमी लय वर्सं ऐकायलाव. त्योच आवाज हाय." माझ्याआधीही पोरं राहत होती का, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. राहत असणारच, असं म्हणून घरी आलो.

तरीपण मी तिथंच राहिलो, मामा. खोली गार होती, नाकातून एक थेंब आला नव्हता, भाकरी आईसारखी होती, आणि एका वाक्याच्या बदल्यात एवढं कुठल्या विद्यापीठात मिळतं? मी अण्णांना लिहिलं की शहर चांगलं निवडलं. फक्त एकच व्हायला लागलं. वर्गात सरांनी हजेरी घेताना नाव पुकारलं, की माझ्या तोंडून "हजर" ऐवजी भलतंच यायचं. एकदा सरांना "सोडतो, दादा" म्हणालो. पोरं हसली. मी हसलो नाही.

भादव्यात एक दिवस नावावरून शहर बंद झालं. विद्यापीठाच्या रस्त्यावर मला पाच-सहाजणांनी अडवलं. नाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं, तेव्हा अण्णांची आठवण झाली आणि मी गप्प उभा राहिलो. आपले कोण अन् परके कोण, हे मला त्यांच्या तोंडावरून ओळखू येत नव्हतं, आणि त्यांना माझ्या. बराच वेळ त्यांनी मला उन्हात उभं केलं. मग दुसरा कुणी दिसला म्हणून तिकडं धावले. त्या दुसऱ्याचं काय झालं, ते बघायला मी थांबलो नाही. गल्लीबोळातून लपत घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता.

बाई माझ्या खोलीत फळी काढून पालथ्या पडल्या होत्या. ओ देऊन देऊन घसा बसला होता. आणि खालची हाक बदलली होती. दोर मागणं संपलं होतं. थोड्या थोड्या वेळानं, हळू आवाजात, नुसतं विचारणं येत होतं, "मुंजा, हायेस का?"

दिवसभर मलाही माझं पूर्ण नाव सांगता आलं नव्हतं. मी वाकलो आणि म्हणालो, "हाय, दादा." हे अटीत नव्हतं.

मग मी बाईंना विचारलं, की इतक्या वर्षांत कुणी खरंच दोर सोडला का? बाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "सोडतो म्हनायला सांगितलं व्हतं. सोडायला कोन सांगितलं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवा दोर आणला. एक टोक दाराच्या चौकटीला बांधलं. हाक आली. "सोडतो, दादा," म्हणालो आणि सोडला. दोर सरसर गेला, सैल पडला, आणि मग ताठ झाला. ओढायला लागलो. विहिरीतून भरलेली घागर वर यावी तेवढं वजन, माणसाएवढं नाही. मला एकट्याला ओढवेना तेव्हा बाई उठल्या आणि माझ्या मागून त्यांनी दोर धरला. त्या गार खोलीत माझा घोळणा फुटला. रक्त दोरावर पडत होतं आणि दोर हातातून निसटत होता, पण सोडायचं माझ्या मनात आलं नाही. टोक वर यायच्या जरा आधी वजन एकदम गेलं. आम्ही दोघं मागं पडलो.

टोक ओलं होतं. त्याला कमरेत घालतात तसा फास होता, रिकामा. मी गाठ मारलेली नव्हती. बाईंनी ती गाठ हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली. "बैलाला हीच गाठ मारायचे," म्हणाल्या. मग पदराचं टोक त्या दोराच्या पाण्यानं भिजवलं आणि कपाळ पुसलं. रडल्या नाहीत. मला उताणं झोपवून माझ्या टाळूवर पाणी थापत राहिल्या.

उत्तरकार्याला त्या तुमच्याच गंगाखेडच्या घाटावर येऊन गेल्या. मी तुमचा पत्ता दिला होता, पण सुतकात परक्याच्या उंबऱ्यावर जाणार नाही म्हणाल्या. परत आल्या त्या दिवशी चहा दिला आणि सांगितलं, "आता हाक न्हाई. मंजी भाडं समद्यांवानी." ते खरंच होतं. आणि मामा, त्या दिवसापासून खालून वाराही येत नाही. खोली आता वालूरसारखी तापते आणि पुण्यासारखी महाग आहे. मध्यम असं काहीच उरलं नाही. दुपारी आम्ही दोघं आपापल्या जागी जागे असतो. बाई कान देऊन बसतात. काहीच येत नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्यावर जोर देऊ नका.

तुमचा,
लिंबाजी

ता. क. अण्णांना यातलं काही कळवू नका. हवा चांगली आहे, एवढंच सांगा.

ता. क. दुसरा. बोळातलं पाणीही तुटलं आहे. नहरीत कुठंतरी काहीतरी अडकलंय, असं तात्याराव म्हणतात. ठेकेदाराची माणसं येतात, वाकून बघतात आणि जातात. उतरायला कुणी तयार नाही. बाई म्हणतात, तू अंगानं बारीक हायेस, तू मावशील. अडकलेलं काढलं तर वारा सुरू होईल आणि भाडंही पहिल्यासारखं. मी हो म्हणालो आहे. येत्या रविवारी दुपारी उतरणार.

ता. क. तिसरा. हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं, ते राहूनच जात होतं. वर दोर धरायला माणूस पाहिजे. बाईंच्या हातात जोर नाही, तात्याराव दुपारी झोपतात. बाईंनी मुंजाजीला निरोप धाडला होता. टोळी निघायच्या आत येतो, दोर मीच धरतो, असं त्यानं कळवलं आहे. मामा, रविवारच्या आत मिळेल त्या गाडीनं या.