खालाच्या डब्यात तुझ्या चिठ्ठ्या

माय, मले तुझा राग आला आहे, आन तो चार दिवसांपासून जाऊन नाही राहिला. पोळ्या लाटता लाटता येते, कपडे वाळत घालता घालता येते, आन तू समोर नाही म्हणून नवऱ्यावर निघते, त्याचा काही कसूर नसताना. तू मले सांगितलं होतं की मले स्वप्न पडलं. मी सहा-सात वर्षांची होती, तू जे सांगे ते खरं होतं, म्हणून मी ते स्वप्नच समजली. पन्नाशी ओलांडली तरी स्वप्नच समजत होती. मधातून कधी कधी ते दिसे, झोपेत नाही, जागेपणी. चहा उकळताना दिसे, नळाखाली बादली भरता भरता दिसे. मी म्हणे, हे आपलं जुनं स्वप्न. लोकायले साप दिसते, पाणी दिसते, मले पिंजाऱ्याच्या पडवीत झोपलेली माय दिसते.

भर दुपार आहे. अकोल्याचं ऊन, गल्लीत कुत्रं नाही. समोर पिंजाऱ्याचं घर, त्या घरच्या बाईले सारी गल्ली खाला म्हणे, तिचा नवरा पडवीत रुई पिंजून राहिला, त्याच्या धनुकलीचा आवाज तुंग तुंग असा भिंतीतून माझ्या पाठीत येते. मी अनवाणी गल्ली ओलांडतो, पाय पोळतात, आन दारात उभी राहतो. आतमधे सारं पांढरं. रुईचे तंतू उन्हात उडत आहेत, खाली बसायचं नावच घेत नाहीत. त्या पांढऱ्या ढिगावर तू उताणी पडली आहे. तुझ्या भुवयांवर रुई, केसात रुई, कपाळावर ओला फडका. पायाची जोडवी दिसून नाही राहिली, मासात रुतली आहेत, इतके पाय सुजले. खाला तुझ्या उशाशी बसून विंझणा हलवून राहिली आन तिचा नवरा तुझ्याकडे पाठ करून काम करते. तू डोळे उघडले, मले पाहिलं, आन परत मिटून घेतले.

संध्याकाळी तू चुलीपाशी भाकरी थापत होती, जशी रोज थापे तशी. मी विचारलं, "माय, तू खालाच्या घरी काहून झोपली होती?" तू भाकरी उलटवली आन म्हटलं, "स्वप्न पडलं असन तुले. दुपारी झोपत नको जाऊ." तुझ्या वेणीत एक पुंजका होता रुईचा. मी काढून दाखवला. तू म्हटलं, "शेतातली कपाशी लागली असन." तेव्हा शेतात कपाशी नव्हती माय. शेत नांगरून पडलं होतं.

आपल्या घराचा किती तोरा होता. आम्ही तिघी बहिणी, बाबा आन तू, पाच जणांत एकाले बी दुखणं नाही. बाबा बाहेरच्या ओट्यावर बसून सांगत, "आमच्या घरी दवाईची बाटली शोधाले निघाले तर घासलेटची सापडन." आन समोर खालाचं घर. तिथे बारा महिने कोणी ना कोणी खोकलत असे. खालाच्या नवऱ्याले दमा, खालाले खोकला, पोट्ट्यायचे कान फुटलेले, डोळे आलेले, सासू तर खाटेवरच. गल्लीतले लोक म्हणत, त्या घरी कोणी बरं असलं तर डॉक्टर विचारपूस कराले येते. आपण हसत होतो. मी बी हसे. मले वाटे, देवानं माणसं दोन प्रकारची केली, एक आपल्यासारखी आन एक खालासारखी. रुई नाकात जाते म्हणून ते खोकलत असतील, इतकी अक्कल डोक्यात नव्हती. आन त्याच रुईवर तू झोपत होती, ते तर स्वप्न होतं.

आपल्या घरी काय होतं ते मले आता समजून राहिलं. आपल्या घरी ताप येत नव्हता, ऊन लागे. खोकला होत नव्हता, धूळ जाये घशात. मधल्या बहिणीले आठ दिवस पोटात अन्न टिकलं नाही तर तू म्हटलं, कैऱ्या खाल्ल्या असतील चोरून. सुंठ, ओवा, गूळ घालून काळाकुट्ट काढा उकळे आन त्याले नाव चहा. मी एकदा अंगात कणकण असताना सकाळी उठली नाही, तर तू चादर ओढून घेतली. "ऊठ. आपल्या घरी कोणी दिवसा पडत नाही. समोरच्यासारखं करायचं काय?" मी उठली, अंगण झाडलं, झाडता झाडता अंगण गोल फिरत होतं. ते बोलणं मले अजून ऐकू येते. मी शाळेत चौथीपर्यंत गेली, पण शिकली ते हेच एक वाक्य.

त्याचा उपयोग बी झाला, नाही म्हणणार नाही. अमरावतीहून मले पाहाले आले तेव्हा नवऱ्याची आत्या घरात यायच्या आधी गल्लीतल्या बायांपाशी बसली. काय विचारलं ते मले मागून समजलं. "पोरगी काळी आहे ते दिसते, घरात दुखणं-बिखणं तर नाही?" बाया म्हणाल्या, त्या घरी शिंक बी येत नाही. लग्न जमलं. तिघींचं जमलं, एकीमागून एक, माझं शेवटी. तू मले एक गादी दिली. बाकी सामान बाबाचं होतं, गादी तुझी. त्या गादीचे टाके तू स्वतः घातले होते, खालाच्या पडवीत बसून, मोठमोठे, एका रेषेत न येणारे. सासरी सगळे हसले त्या टाक्यांले. मी दुसऱ्या महिन्यात माहेरी येणार होती, त्याआधी निरोप आला. तू दुपारी झोपली आन उठली नाही. घरात झोपली होती त्या दिवशी, आपल्या घरात, दिवसा. मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं.

आता ऐक. दिवाळीपासून माझे पाय सुजून राहिले. चप्पल संध्याकाळी बसत नाही. अमरावतीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहे, माझ्या पोरीच्या वयाची, लई गोड बोलते म्हणून मले तिच्यावर अजून चीड येते. रक्त घेतलं, लघवी घेतली, आन कागद पाहून म्हणते, "मावशी, तुमच्या घरात कुणाला किडनीचा त्रास होता का?"

मी म्हटलं, "आमच्या घरी कोणी आजारी पडत नाही."

"आई कशानं गेल्या?"

"दुपारी झोपली आन गेली."

"अशा कशा जातील मावशी? पाय सुजायचे का? लघवीचा काही त्रास?"

मी पाय खुर्चीखाली ओढले माय. माझ्या डोळ्यापुढे जोडवी आली, मासात रुतलेली. पण ते तर स्वप्न. डॉक्टरले स्वप्न कसं सांगावं? ती म्हणाली, काही दुखणी रक्तातून येतात, आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. तसं असलं तर माझ्या पोरीची बी तपासणी आत्ताच केली पाहिजे, आत्ता केली तर सांभाळता येते. "बुधवारी दहाला या, आणि आईबद्दल जितकं माहीत करता येईल तितकं करून या." कोणापासून माहीत करू? बाबा गेले. बहिणी म्हणतात, मायले काही नव्हतं, तू उगा काही काढू नको.

म्हणून मी अकोल्याले गेली. बसमधे मूर्तिजापूरपर्यंत झोप लागली आन झोपेत तुंग तुंग ऐकू येत होतं. आपली गल्ली आता ओळखू येत नाही, आपल्या घराच्या जागी कोणाचं तरी तीन मजली आहे. पण खाला आहे. तिचा नवरा गेला, सासू गेली, खाला ऐंशीच्या वर आहे आन खाटेवर बसून खोकलते. ज्या घराले आपण जल्मभर आजारी म्हटलं त्या घरची बाई जित्ती आहे आन तू नाही. हे मले पहिल्यांदा दारात उभं राहूनच समजलं.

तिनं मले ओळखलं. "दारात उभी राहणारी पोट्टी ना तू? अंदर ये बेटा, आज कोणी भगावत नाही."

मी बसली नाही, सरळच विचारलं. "खाला, माय इथे झोपे काय? दुपारी?"

"झोपे म्हणजे? तुझी माय आमच्या घरी येऊन आजारी पडे." खाला असं म्हणाली जसं की बाई पाणी भराले येये. "तुमच्या घरी परवानगी नव्हती ना. तिघी पोरी उजवायच्या, म्हणे, खाला, बोभाटा नको. मी म्हटलं, ये बापा, आमच्या घरी एक जास्तीचा बीमार कोणाले दिसते?"

"बाबाले मालूम होतं?"

"मर्दाले काय मालूम राहते? त्याले त्याची टोपी डोक्यावर असताना सापडत नव्हती."

मग तिनं सांगितलं की ती तुले दवाखान्यात बी घेऊन जाये. तिथे रांगेत नाव जोरात पुकारतात, गल्लीतली कोणी ना कोणी असतेच. म्हणून खालानं तुले आपला बुरखा दिला आन आपलं नाव दिलं. तिचं नाव तर तिथे रोजच पुकारत, कोणाले काय वाटणार. "पण चालणं तुझ्या मायचंच," खाला हसून राहिली, हसता हसता खोकलली, "मी म्हणे, बाई जरा हळू चाल, बुरख्यात बी कपाशी वेचाले निघाल्यासारखी चालते तू." आन म्हणाली, ज्या रुईवर तू पडे ती तिच्या नवऱ्यानं कधी विकली नाही. बाजूले ठेवत गेला. माझ्या लग्नाच्या गादीत तीच भरली. मी तीस वर्षं त्या गादीवर झोपून राहिली माय, दोनदा पिंजून घेतली, फेकली नाही. मले नेहमी वाटे, या गादीवर झोपलं की कोणीतरी आधीच झोपलेलं असते.

खालानं बिस्किटाचा एक डबा काढला. त्यात दवाखान्याच्या चिठ्ठ्या, त्यायनं एक बी फेकली नाही. आजारी घर ना, कागद जपतात. मले वाटलं, झालं, आता सापडली माय. पण साऱ्या चिठ्ठ्यांवर नाव खालाचंच. एका चिठ्ठीत खोकला, एका चिठ्ठीत सूज, एकीत रक्त कमी. खालाले वाचता येत नाही. मी तिले एक एक वाचून दाखवली, बोट ठेवू ठेवू, शाई उडालेली, जिथे इंग्रजी तिथे मी बी आंधळी. "ही तुमची की मायची?" ती कागद डोळ्यापाशी नेऊन पाहे, नाकापाशी नेऊन हुंगे. "सूज मले बी येऊन गेली बेटा, सासू होती तेव्हा. आता कोणती कोणाची, अल्ला जाणे. आम्ही दोघी वयानं सारख्या, अंगानं सारख्या. एकाच नावात दोघी बीमार." तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. "ने सारा. मले आता कशाले पाहिजे."

मी विचारत होती ना सारा जल्म, काही घरं आजारी का पडतात आन काही का पडत नाहीत. त्या डब्यात उत्तर होतं. खालाचं घर सांगत होतं, म्हणून ते आजारी घर. आपलं दुखणं गल्ली ओलांडून जाये आन संध्याकाळी भाकरीच्या वक्ताले परत येये. मी तुले वाईट म्हणून नाही राहिली. तुझ्या जागी मी असती तर मी बी हेच केलं असतं. हेच तर लिहायचं आहे मले, आन चार पानं झाली तरी हात तिथे जात नाही.

माझ्या पोरीले रविवारी पाहाले येणार आहेत. चांगली माणसं आहेत, पोरगा शिकलेला. पोराची आई फोनवर बोलता बोलता म्हणाली, घरात सगळे ठणठणीत ना? आन मी म्हटलं, आमच्या घरी कोणी आजारी पडत नाही. तुझ्याच आवाजात म्हटलं, मले ऐकू आलं.

आता लिहितो. बाजूच्या घरी एक मास्तरीण राहते, एकटीच. दिवाळीपासून मी दुपारी तिच्या दिवाणावर जाऊन पडतो. ती पाय उशीवर ठेवून देते, कूलर लावते, काही विचारत नाही. कूलरचा आवाज ऐकता ऐकता मले रुई उडताना दिसते आन मी तुझ्या बाजूले पडली आहे असं वाटते. मागच्या शुक्रवारी पोरगी कामावरून लवकर आली. मास्तरणीचं दार उघडं होतं. मी डोळे उघडले तर पोरगी दारात, हातात चप्पल घेऊन उभी. मी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी पोळ्या लाटत होती तेव्हा ती म्हणाली, "आई, तू बाजूच्या घरी झोपली होती काय?" मी पोळी उलटवली. माय, मी तिले म्हटलं, उन्हातून आली, भास झाला असन तुले.

हे पत्र कुठे टाकू ते मले माहीत नाही, तुझा पत्ता खाला बी सांगू शकत नाही. त्याच डब्यात ठेवतो, चिठ्ठ्यांवर. बुधवारी दहाले डॉक्टरीणबाई आहे. त्या डब्यातल्या तुझ्या कोणत्या, तेवढं सांग, बाकी काही नाही मागत. स्वप्नात ये, भाकरी थापता थापता सांग, कसंही सांग, पण मंगळवारी दिवेलागणीच्या आत सांग. नाही सांगितलं तर डबा आन पोरगी, दोघायले घेऊन मी बुधवारी जातो, आन जायच्या आधी तिले सांगतो की तिनं जे पाहिलं ते खरं होतं.