मातोळी पंढरीने बांधावी

डोंबिवली, श्रावण वद्य अष्टमी, १९५४

चि. सगुणास दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे. आई आता पेज तरी घेते का?

मडगावच्या साप्ताहिकाला मी इथले रोजचे जीवन लिहून पाठवतो, त्यावर ते ‘परदेशचे पत्र’ असे छापतात. शेजारच्या आवडाबाई ऐकून हसल्या. “अवो भाऊ, गोवा का विलायतेत हाय? गनपतीला घरी जा ना!”

त्यांना काय सांगू? सरहद्द ओलांडायचा परवाना मला पोर्तुगीज सरकारने नाकारला.

यंदा गणपतीवरची फळापानांची मातोळी माझ्याऐवजी काकांच्या पंढरीने बांधावी. आपला कुलदेव मंगेश रागावणार नाही.

आणि आईचे काही बरेवाईट झालेच, तर अग्नीही पंढरीनेच द्यावा. माझ्यासाठी तिला खोळंबून ठेवू नका.

तुझा दादा,
परशुराम