व्हायोलिनची जागा

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या वहिनीच्या आवाजापुढे त्यांचं काही ऐकू येत नाही.

बातमी भात्याची आहे. अ‍ॅकॉर्डियनमुळे आपण त्याला भाता म्हणू लागलो आणि त्याचं खरं नाव विसरून गेलो. आता तोही ते विसरलाय. बायकोला विचारतो, बाई, तुम्ही कोणाकडच्या? मला डॉक्टर समजून जीभ काढून दाखवतो. तिथं हसू येतं, पण जिना उतरेपर्यंत ते टिकत नाही.

मला सारखं आपलं ते स्टेशनसमोरचं हॉटेल आठवतं. संध्याकाळी चहाच्या वेळी आपण तिघं खांबाआड बसून वाजवायचो. त्यात शब्द नव्हते, गाणारं कोणी नव्हतं, म्हणून दाद द्यायच्या भानगडीत कोणी पडत नसे. मालकाचं म्हणणं, गिऱ्हाइकाला बोलता आलं पाहिजे आणि गप्प बसलं तर अवघडल्यासारखं होता कामा नये, एवढंच वाजवा. गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणत तू धुसफुसायचीस. पण एखाद्या टेबलावरचा चमचा कपात ढवळता ढवळता थांबायचा, आणि भाता तुझ्याकडे बघून भुवई उडवायचा. हल्ली दुकानात, दवाखान्यात, जिथं जावं तिथं स्पीकरवर वाद्यं वाजत असतात. सगळं कसं इस्त्री केलेलं. वाजवणाऱ्यानं मध्येच घेतलेला श्वास काही ऐकू येत नाही.

मग तू नोकरी घेऊन दूर गेलीस आणि तिथंच तुझा संसार झाला. का गेलीस, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

परवा मी क्लॅरिनेट घेऊन भात्याकडे गेलो. त्यानंच बांधलेली ती संथ धून मी सुरू केली, आणि काय सांगू, त्याची बोटं चादरीवर चालू लागली! पण पुढं माझीच फजिती झाली. अगं, उभ्या जन्मात इतक्यांदा वाजवलेली धून मला येतच नाही. आपण तिघंही कानानं शिकलेले, कागदावर काही उतरवलं नाही, ज्याचा भाग त्याच्या बोटांत. माझ्याकडे नुसता मधल्या जागांचा भरणा, मूळ चाल सगळी तुझ्याकडे. गुणगुणायला जमते, पण वाजवायला गेलो की बोटं आपली वळणाच्या पाण्यासारखी भरण्याकडेच जातात. सुरुवातीचं आमच्या दोघांचं संपून जिथं तुझं व्हायोलिन येतं, तिथं भाता थांबला. मी तसाच पुढं रेटू लागलो, तर त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, घाई करू नका डॉक्टर, ती अजून आली नाही. आणि दाराकडे बघत राहिला. आता मी रोज जातो, आणि रोज तो त्याच जागी थांबतो. जेवण पुढं आलं तरी नजर दारावरच. खाणं तुटत चाललंय त्याचं.

हे पत्र मी लिहितोय, पण लिहायला लावलंय त्याच्या बायकोनं. मी नाही म्हणत होतो, तीच म्हणाली, भावजी, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? इतकी वर्षं मी सगळं समजूनच नांदले, मला कोणी फसवलेलं नाही. पण त्यांचं असं वाट बघणं मला बघवत नाही, तिला बोलवून घ्या. तेव्हा ये. हात चालत नसला तरी ये, चुकलीस तरी त्याला चालेल. येण्याचा दिवस तेवढा आधी कळव. त्या वेळी ती स्वतः भाजी आणायला बाहेर जाईल, असं म्हणते.

तुझाच,
दादा