आईने जाळलेलं पुस्तक

बाबा,

परवा चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, आईने तुमच्या थडग्यापुढे सोनेरी कागदी नोटा जाळल्या आणि त्यांच्यासोबत माझं पुस्तकही. प्रदर्शनासाठी मी ते तसल्याच कागदावर, हाताने छापलं होतं. मेलबर्नच्या रस्त्यांवर लोक आपल्यावर जे ओरडतात, ते सगळं होतं त्यात. आईला इंग्रजी ना वाचता येत, ना ऐकून कळत.

"काय लिहिलंयस गं?" तिने विचारलं. तुम्ही तिला जे सांगायचात तेच सांगून टाकलं. लोक आपल्याला शुभेच्छा देतात, त्याच आहेत म्हटलं.

"मग तुझ्या बाबांनाही पोचू देत की!"

जाळलेलं तुमच्यापर्यंत पोचतं, म्हणून हे पत्र मी जाळणार नाही. आपल्या दोघांपैकी एकाने तरी घाबरू नये.

ट्रामच्या स्टॉपवर रोज आमच्यावर ओरडणाऱ्या माणसाच्या हातात काल फुटकी बाटली होती. आई मात्र अजून त्याच्याकडे बघून हसते, मान लववते. रात्री म्हणाली, "एवढा घसा फोडून शुभेच्छा देतो बिचारा, उद्या त्याला गरम बाओ नेऊन देते."

आत्ता हाक मारली, तर ओ नाही. ओट्यावरचा बाओंचा डबाही नाहीये, बाबा.

पायात चप्पल न घालताच निघालेली,
सिउ-फान