डाव्या बाजूचा दिवा

करामा, दुबई
नोव्हेंबर २०००

प्रिय तनू,

साधनामावशी या आठवड्यात पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर खजूर, तुझा निळा स्वेटर आणि हे पत्र पाठवते आहे. फोनवर आपलं बोलणं किती होतं ते तुला माहीतच आहे. मी ‘जेवलीस का’ विचारते, तेवढ्यात बाबा रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतात आणि मग तुमचं इंग्रजी सुरू होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी वाजवते. म्हणून लिहिते आहे. हे पत्र मी बाबांना दाखवलेलं नाही. तूही त्यांना सांगू नकोस.

गाडीची बातमी आधी देते, नाहीतर तू अधलामधला मजकूर सोडून तीच शोधत बसशील. ती अल क्वोजला दत्तारामच्या गॅरेजमध्ये आहे, रंग सुंदर बसलाय आणि इंजिन सुरू केलं की शेजारच्या गोदामातले लोक बाहेर येऊन बघतात. परवा खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी विचारलं की ही हॉट रॉड म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, आमच्या आजोबांच्या वयाची फोर्ड आहे, यांच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, ‘खलास, घेऊन जा’ म्हणून दिलेली. तिचे मडगार्ड काढायचे, पोटात पैलवानाचं इंजिन घालायचं, नवरा आणि मुलगी दोघांनी मिळून तिच्यापायी वेडं व्हायचं, की झाली हॉट रॉड. त्या हसल्या. मीही हसले, पण मला काही फार हसू येत नव्हतं.

राहिले होते ते फक्त मागचे दिवे. तुझे लाडके, एकोणसाठच्या कॅडिलॅकचे, लालबुंद आणि टोकदार. तुम्ही दोघं शारजाच्या भंगारबाजारात दिवसभर फिरून ते घेऊन आलात ना, तेव्हा माझ्या शिवणाच्या गिऱ्हाईक बाईंच्या अस्तराच्या कापडात गुंडाळून आणले होतेत. ते कापड वाया गेलं. बाईंना मी दुसरं अस्तर आणून दिलं आणि कुणालाच काही बोलले नाही, कारण तुम्ही दोघं जेवायच्या टेबलावर ते दिवे ठेवून इतके खूश होतात की मी बोलले असते तर मीच वाईट ठरले असते. तू पुण्याला निघालीस त्या दिवशी बाबांनी जाहीर केलं की हे दिवे आता तनू सुट्टीवर आल्यावरच बसतील.

आता खरं सांगते. मला तुझा हेवा वाटतो. आईने मुलीला असं लिहू नये, पण वाटतो त्याला काय करू? तुझ्या जन्माआधी आमच्याकडे एक जुनी डॅटसन होती. ती बंद पडायची आणि बाबा तिच्याखाली आडवे व्हायचे. बॅटरी धरायला मी असायचे. उजेड जरा हलला की ओरडायचे, आणि गाडी सुरू झाली की त्याच काळ्या हातांनी माझा गाल ओढायचे. मग तू झालीस. शाळेत जायला लागलीस आणि एक दिवस म्हणालीस, ‘आय विल होल्ड इट.’ मी कौतुकाने बॅटरी तुझ्या हातात दिली. ती मला परत कधी मिळाली नाही. तुमचे शुक्रवार गॅरेजमध्ये जायचे, माझे शिलाई मशीनवर. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही दोघं एकाच बॉनेटमध्ये डोकं घालून बोलत असायचात, आणि डबा कुठे ठेवू हेसुद्धा मला दत्तारामला विचारावं लागायचं.

तू गेल्यावर मला वाटलं, आता शुक्रवार माझा. कसला माझा! बाबा एकटेच जायला लागले. दिवे पुसायचे, पुन्हा डब्यात ठेवायचे आणि तोंड पाडून घरी यायचे. शेवटी एका शुक्रवारी मीच म्हटलं, मीही येते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी इंजिन उचलून दाखवते म्हटलं. म्हणाले, तिथे धूळ असते, बसायला जागा नसते, तू कंटाळशील. मी प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि आधी जाऊन रोजच्या गाडीत बसले.

त्या दिवशी ते ‘नुसतं बघू’ म्हणून दिवे लावायला बसले. अडचण तुला माहीत आहे. दिव्याची पाठ सपाट आणि गाडीचं ढुंगण गोल, वर पुन्हा उतरतं. तसाच लावला तर दिवा आभाळाकडे बघतो. म्हणून मध्ये पत्र्याची कॉलर हवी, एकीकडे खोल आणि दुसरीकडे उथळ. तिचा कागदी नमुना तू जाताना कापून ठेवला होतास. त्यावर तुझ्या अक्षरात ‘फायनल’ लिहिलेलं, म्हणून बाबा त्याची एक रेघ हलवायला तयार नव्हते. देवाच्या फोटोसारखा सांभाळत होते. त्यावरून त्यांनी दोन कॉलर कापल्या, वळवल्या. उजवी कशीबशी बसली. डावी बसेचना. तो दिवा गॅरेजच्या भिंतीकडे बघायला लागला. बाबा पत्र्याला शिव्या देत होते, दत्ताराम शारजाच्या भंगारवाल्याला देत होता.

मी स्टुलावरून बघत होते. अगं, बाबांनी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या! तुझ्या अक्षराची बाजू दोन्ही वेळा वरच ठेवून पत्रा आखला, आणि तीच बाजू बाहेर ठेवून वळवला. डावीसाठी नमुना पालथा करायचा असतो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण ‘फायनल’ लिहिलेलं पालथं घालायचं त्यांच्या मनातच येणं शक्य नव्हतं. माझ्याही हातून पूर्वी एकदा असं झालंय, एका बाईंच्या भरजरी ब्लाउजचं, म्हणून मला चटकन दिसलं. मी म्हटलं, बाजूला व्हा जरा. दिव्याच्या मापाच्या नळीभोवती खाकी कागद गुंडाळला, नळी आधी गाडीच्या उजव्या बाजूला टेकवून धरली, खडूने खूण केली आणि कापला. कागद उघडला तर वरची कड थेट बाहीच्या गोलासारखी. बाबा म्हणाले, ‘अरे!’ एवढंच. पण ते ‘अरे’ मी आठवडाभर पुरवून वापरलं.

पहिली कॉलर माझ्याकडूनही जरा तोकडी झाली, शिलाईला जागा सोडायची सवय पत्र्याला चालत नाही. दुसरी बसली. उजवीकडची तुमची कशीबशी कॉलर काढून ती लावली, दत्तारामने वेल्डिंगचे टाके मारले, खाली रबर घातलं, बाबांनी वायर जोडली आणि दिवा सरळ मागे बघत लागला. माझ्या साडीवर लाल उजेड पडला. बाबा दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. मी हात पुसत उभी होते. खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, चेहरा असा फुललेला, आणि म्हणाले,

“तनू असती ना हेमा, नाचली असती.”

मी स्टूल उचललं आणि घरी यायला गाडीत जाऊन बसले. मला लागलंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. गाडीत ते सांगत होते की डावा दिवा तसाच ठेवू, तो तनूच्या हातचा, डिसेंबरमध्ये यल्ला, चला म्हणत ती आणि मी मिळून बसवू. डाव्याचा नमुना मी पालथा करून, कापून तयार ठेवला होता. तो त्यांनी नीट गुंडाळून हत्यारांच्या फळीवर ठेवून दिलाय. त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. ते माझ्याशी बोलले, चहा आणला, स्पार्क प्लग कसा साफ करतात ते दाखवलं. डॅटसननंतर पहिल्यांदाच मला कुणी गाडीतलं काही दाखवत होतं. मी चुकले तेव्हा ओरडलेही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आणि सारखं मनात येत होतं की हे सगळं डिसेंबरपर्यंतच.

बाबा नमकीन आणायला खाली गेले होते तेव्हा तुझा फोन आला, तो विषय आता काढते. पिंपरीच्या कंपनीत डिसेंबरभर ट्रेनिंग मिळतंय, घेऊ की घरी येऊ, बाबा हिरमुसतील, आई तूच सांग, असं तू विचारलंस. मी विचार करून सांगते म्हटलं. बाबांना अजून यातलं काही माहीत नाही. तर तनू, माझं उत्तर असं आहे की येऊ नकोस. तुझ्या करिअरसाठी म्हणते असं समजू नकोस. ते ट्रेनिंग चांगलं की वाईट मला कळत नाही. मी माझ्यासाठी म्हणते. बाबांना तू स्वतः फोन करून सांग, ते काम माझ्यावर टाकू नकोस. ते दोन दिवस गप्प बसतील, जेवणार नाहीत, मी ते बघून घेईन. उन्हाळ्यात ये, तुझ्या आवडीचं सगळं करीन, आणि मग गाडीही तुमची, शुक्रवारही तुमचे. पण डावा दिवा मला बसवू दे. बाबांनी त्याच्याकडे बघावं आणि त्या वेळी तिथे दुसरं कुणी नसावं, तूसुद्धा.

तुझीच आई,
हेमा